पुठ्ठ्याचं खोरं

माझा चेहरा जन्मापासून काळजीत आहे. आई सांगते की बारशालाही मी असाच दिसत होतो, पाळण्याची दोरी आता तुटणारच अशा तोंडानं. आठवीत शाळा सोडली तेव्हा मास्तर म्हणाले, "जातोयस तर जा, पण एवढं वाईट वाटून घेऊ नकोस." मला मुळीच वाईट वाटत नव्हतं. मी त्या दिवशी कमालीचा खुशीत होतो. असल्या चेहऱ्याचा कुणाला काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. सोलापुरात आल्यावर झाला.

सोलापुरात मी आलो तो आंब्याच्या पेट्यांबरोबर, टेम्पोतून. पेट्या उतरल्या, आणि त्याच दिवशी माझी दाढ अशी ठणकायला लागली की टेम्पोवाला माझी वाट बघून कंटाळला आणि निघून गेला. एका दातांच्या डॉक्टरांनी ती दाढ काढली. पैसे घेतले नाहीत. उलट विचारलं, "गाडी चालवता येते का?" दाढ गेली आणि नोकरी आली. दवाखान्यामागची खोलीही त्यांनीच दिली. त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. डॉक्टरसाहेबांचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी आधीच लिहून ठेवतो. पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला उलट वाटायला नको.

डॉक्टरसाहेबांना ढगांचं वेड आहे. त्यांच्याबरोबर आणखी दोघं. एक भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, ते ढगांना त्यांच्या शास्त्रातल्या नावांनी हाक मारतात. दुसरे चादरी-टॉवेलचे व्यापारी, आम्ही त्यांना शेठ म्हणतो. त्यांच्याकडं हातभर लांब लेन्स आहे आणि तिच्यासाठी वेगळी चादर आहे. तिघं मिळून वादळाचे फोटो काढतात.

आता सोलापूरचं आभाळ म्हणजे वर्षातले नऊ महिने धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीसारखं. त्यामुळं कुठं एखादा काळा ढग उगवला की या तिघांचे फोन एकदम वाजतात. एकदा डॉक्टरसाहेब एका बाईंच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवून "दोन मिनिटांत आलो" म्हणाले आणि आम्ही नातेपुत्याच्या पुढं जाऊन आलो. बाई बोळा चावत बसून होत्या. बिचाऱ्यांना तक्रारही करता येत नव्हती.

मी समुद्रकाठचा. आमच्याकडं वादळ आलं की होड्या वर ओढायच्या, दार लावायचं आणि घरातली माणसं मोजायची. इथं वादळ आलं की गाडी बाहेर काढायची आणि लेन्सा मोजायच्या. विजेची मला लहानपणापासून भीती. घरी निदान दाराआड भ्यायची सोय होती. इथं उघड्या माळावर, काळ्या रानात, जिथं चार-चार मैल आडोशाला बाभळीशिवाय काही नाही, तिथं मी या तिघांवर छत्री धरून उभा. हो, छत्री. लोखंडी काड्यांची. डॉक्टरसाहेब म्हणायचे, "घाबरतोस काय, गाडी आहे ना जवळ!" गाडी नेहमी रस्त्यावर असायची आणि आम्ही नेहमी रानात.

पुढं प्राध्यापकांच्या डोक्यात आलं की नुसतं आभाळ बोलत नाही, त्याच्याखाली माणूस पाहिजे. शेतकरी पाहिजे. मग आम्ही शेतकरी शोधायला लागलो. मिळायला काय, सगळा जिल्हा भरलाय. पण जो मिळाला तो क्रिकेटच्या जर्सीत, मोटारसायकलवर, पाठीवर मोठा आकडा. आधी त्यानं आमच्याबरोबर सेल्फी काढली, मग कॅमेरा केवढ्याचा ते विचारलं. शेठ निराश झाले. "टी-शर्टवर गडगडाट उठून दिसत नाही हो," म्हणाले.

मग तिघांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडाकडं.

"अय्यो, हा आपल्या गाडीतच होता की!" शेठ म्हणाले. "कोकण्या, तुझ्या तोंडावर तर कायमची गारपीट झालीय रे."

तेव्हापासून डिकीत जॅक आणि स्टेपनीच्या शेजारी एक पिशवी आली. तिच्यात धोतर, बंडी, घोंगडं आणि लग्नात भाड्यानं देतात तसला तयार शिवलेला फेटा, झिरमिळ्या कापून टाकलेला. धोतर मी आयुष्यात नेसलो नव्हतो. प्राध्यापकांनी फोनवर बघून मला शिकवलं. ज्वारी आणि मका लांबून बघितल्यावर मला आजही सारखेच दिसतात. पण तीन पावसाळे मी सोलापूर जिल्ह्याचा शेतकरी होतो. केमच्या बाजूला, कुंभारीच्या पुढं, जिथं ढग तिथं मी. आठ सेकंद हलायचं नाही, वर बघायचं, डोळ्यावर आडवा हात. शटर उघडं ठेवून हे विजेची वाट बघणार. म्हणजे वीज पडावी म्हणून चौघांपैकी तिघं प्रार्थना करतायत आणि चौथा तिच्याखाली उभा.

तेही मी सोसलं. पण एकदा शेठनी खरं लोखंडी खोरं आणलं आणि माझ्या खांद्यावर ठेवलं. "आता कसं वजन आलं फोटोला!" मला त्या रात्री जेवण गेलं नाही. विजेखाली लोखंड खांद्यावर! आमच्याकडं असं कुणी केलं असतं तर गावानं त्याच्या आईला जाऊन सांगितलं असतं. नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती. मग मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आलेल्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, खोऱ्याच्या पात्यासारखा कापला, गणपतीच्या आराशीतला उरलेला चंदेरी रंग एका बाजूनं फासला आणि फरशी पुसायच्या लाकडी दांड्याला तो चिकटपट्टीनं बांधला. दुसऱ्या बाजूला रंग पुरला नाही. तिकडं खोक्यावरचा छाप तसाच राहिला, वर जाणारे दोन बाण आणि काचेचा पेला. आत नाजूक माल आहे, जपून धरा, असा त्याचा अर्थ. तो मला लागू होता, म्हणून मीही तसाच ठेवला.

त्या तिघांच्या कधी लक्षात आलं नाही. ढगातली बारीकशी शेड त्यांना दिसायची. खोरं पुठ्ठ्याचं आहे ते नाही.

पुढं पंचनाम्यापर्यंत गेलेली सगळी भानगड सुरू झाली ती गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला. ज्वारी काढायला आलेली, आणि कर्नाटकाच्या बाजूनं आभाळ आलं ते गारा घेऊनच. आम्ही अक्कलकोटच्या रस्त्याला, कुंभारीच्याही बरंच पुढं होतो. पाऊण तासात रानं पांढरी झाली. गारा थांबल्या तेव्हा एका शेतातली सगळी ज्वारी आडवी, कणसं चिखलात, मागं विहीर, विहिरीवर निळी टाकी, एक एकटी बाभूळ आणि वर जांभळं आभाळ. डॉक्टरसाहेबांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "काय लाईट आहे!" म्हणाले.

मी धोतर नेसून रानात उतरलो, तोवर पलीकडच्या बांधावरून एक बाई येताना दिसली. पन्नाशीची असेल. लुगड्यावर पुरुषाचा फुल शर्ट, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात विळा. ती खाली वाकून एकेक कणीस उचलून बघत होती.

"तिला फ्रेममधून बाजूला घे," शेठ ओरडले. "सगळा फील जायलाय!"

मला पाठवलं. मी जवळ जाऊन म्हणालो, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुनाचं रान हाय ह्ये?"

"माहीत नाही."

"माजं हाय. माज्याच रानातनं मलाच हाकलायलास व्हय रं तम्मा?"

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. आमच्या गावाकडं असं कुणी बोललं असतं तर पुढचा आवाज विळ्याचा आला असता. हिनं विळा काखेत धरला. मग म्हणाली, "थरथरायलास का रं? हिवताप हाय काय?"

"विजेची भीती वाटते."

"मग हितं कशाला मरायला आलास? आन ह्या खोऱ्यावर पेला कशाला काडलाय?" तिनं पात्यावर टिचकी मारली. पुठ्ठा टपटप वाजला. "अग्गं बया! पुट्ट्याचं हाय की!" आणि एवढं पीक आडवं झालेलं असताना ती बाई हसली. मग डोक्यावरची खोळ काढून तिनं माझ्या खांद्यावर टाकली. "उरक लवकर, आन गाडीत बस जा. लेकरागत भ्यायलास." आणि स्वतः भिजत बांधापलीकडं जाऊन उभी राहिली, आम्हाला तिच्या रानाचा फोटो नीट काढता यावा म्हणून.

शेठनी खोळ काढून ठेवायला लावली. तिच्यावर खताच्या कंपनीचं नाव होतं.

फोटो अप्रतिम आला असं सगळे म्हणाले. वीज बरोबर माझ्या फेट्यामागं. तो एका पेपरात आला, खाली ओळ होती की गारपिटीनं आडव्या झालेल्या आपल्या पिकाकडं बघणारा हताश शेतकरी. गावाचंही नाव होतं, आणि फोटो काढणाऱ्या डॉक्टरसाहेबांचंही. तोच फोटो डॉक्टरसाहेबांनी एका मोठ्या स्पर्धेला पाठवला, जिथं फक्त खरे, न मांडलेले प्रसंग घेतात. तिथं तो पहिला आला. आमच्या भाच्यानं फोनवर आईला दाखवला. आईचा फोन आला, "शेत घेतलंस आणि आवशीक सांगूक नाय? आणि बारीक किती झालंस रे!"

आठवड्याभरानं ती बाई दवाखान्यात आली. बाकावर दात धरून बसलेल्या माणसांमध्ये ती पेपर धरून बसली होती. मला बघितल्याबरोबर उठली.

"तम्मा, तूच न्हवं ह्यो?"

झालं होतं ते असं. तिचा नवरा चार वर्षांमागं वारला. रान तिच्या नावावर, कसतेही तीच. पण दिराचा डोळा त्या रानावर. नुकसानीचा पंचनामा करायला सरकारी साहेब गावात आले, तेव्हा दिरानं हा पेपर त्यांच्यापुढं ठेवला. विहीर तीच, टाकी तीच, बाभूळ तीच. "वयनी कुटं कसती? तिनं बटईनं, वाट्यानं कसायला दिलंय कुनाला तरी, ह्यो बगा कसनारा, पेपरात छापून आलाय." साहेब म्हणाले, दोन दिवसांनी परत येतो, तोवर कसणारा कोण ते नक्की करा.

"पैशाचं जाऊ दे," बाई म्हणाली. "एकडाव कागदावर चडलं की ही कसत न्हाय, तर म्होरं त्यो मला बांधावर बी उबं करनार न्हाय. तू नुसतं येऊन सांग, की ह्यो मी हाय आन मी कोन बी न्हाय."

मी कोणी नाही हे सांगायला मला कधीच अडचण नव्हती. अडचण डॉक्टरसाहेबांची होती. मी गावात जाऊन उभा राहिलो की फोटो मांडलेला होता हे उघडं पडणार. फोटो भिंतीवर लागला होता, खाली फुलं होती.

मी त्यांना सांगितलं. ते हातमोजे काढत होते. बराच वेळ एकेक बोट सोडवत राहिले.

"तू बघ बाबा," म्हणाले. "मी तुला काही म्हणणार नाही. इतकी वर्षं मी तुला कधी काही म्हटलंय का?"

त्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो दिवस आणि दुसरा दिवस मी नुसती गाडी पुसत होतो. जीभ सारखी त्या दाढेच्या जागी जायची. फुकट काढलेल्या दाढेची जागा कधी भरून येत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेठही येऊन गेले. म्हणाले, "अरे, त्या बाईचं काय, ते गावात मिटवतील आपापसात. आपण कलेची माणसं." कलेचा माणूस म्हणून माझा उल्लेख झाला तो तेवढा एकदाच.

डिकीतल्या पिशवीत तिची खोळ अजून होती. मी परत द्यायची विसरलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीची किल्ली टेबलावर ठेवली, पिशवी आणि खोरं घेतलं आणि एसटीत बसलो. कंडक्टरनं खोऱ्याकडं बघून विचारलं, "नाटक हाय काय कुटं?" मी म्हणालो, "व्हय."

गावात पारावर साहेब कागद घेऊन बसले होते. दमलेला, घामाघूम झालेला माणूस. तीस-चाळीस जण भोवती. बाई एका बाजूला, दीर दुसऱ्या बाजूला, त्याच्या हातात पेपर, घडी घालून घालून मऊ झालेला.

मी पुढं होऊन म्हणालो, "हा मी आहे. मी बटईदार नाही. मी ड्रायव्हर आहे."

"खोटं बोलतंय," दीर म्हणाला. "वयनीनं शिकवून आनलंय. हेच्या तोंडाकडं बगा की सायेब, शेतकऱ्याबिगर असलं तोंड असतंय का?"

साहेबांनी निरखून बघितलं. माझ्या दुर्दैवानं त्यांनाही ते पटलं असावं. मग त्यांनी समोरच्या पेंढीतून एक कणीस काढून माझ्यापुढं धरलं. "हे कसलं पीक?"

मी घाबरलो की मला काहीच सुचत नाही. म्हणालो, "मका."

पार हादरला. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारायला लागले. "मका म्हनतंय! आरं, गाय बी वळकंल की रं!" एक म्हातारा तर धोतरानं डोळे पुसत होता. मी घाईघाईनं पिशवी उघडली. फेटा काढला आणि टोपीसारखा डोक्यावर ठेवला. मग खोरं काढलं आणि उलटं करून साहेबांपुढं धरलं.

साहेबांनी बोटानं पातं दाबलं. ते वाकलं. "पेला आहे," ते म्हणाले. पेपर घेऊन त्यांनी डोळ्याशी नेला. छपाई बारीक होती, पण दांड्याजवळची चिकटपट्टी दिसत होती.

"आन मी तवाच बोलले हुते ह्याला," बाई म्हणाली, "खोऱ्यावर पेला कशाला म्हून. इचारा त्येला."

"विचारलं होतं," मी म्हणालो. "आणि आम्हीच यांना फोटोतून बाजूला व्हायला सांगितलं. म्हणजे मीच सांगितलं. ज्यांचं रान, त्याच फोटोत नाहीत. मी नसायला पाहिजे होतो, तर मी आहे."

एवढं सलग मी शाळेतही कधी बोललो नव्हतो. दीर म्हणाला, "मग ह्ये पेपरवाल्यानी छापलं कसं?" साहेबांनी कागदावर लिहिलं आणि मोठ्यांदा वाचून दाखवलं. कसणारी म्हणून बाईचं नाव, पीक ज्वारी. 'ज्वारी' म्हणताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.

बाईनं मला घरी नेलं. भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मी खोळ परत केली. ती म्हणाली, "ह्यो पटका आन खोरं तुला लागनार हाय का आता?" मी म्हणालो, नोकरी राहिली तरी शेती सुटली. "मग ठिव हितंच."

नोकरी राहिली. डॉक्टरसाहेब खरंच काही म्हणाले नाहीत. त्यांनी स्वतःच पत्र लिहून बक्षीस परत केलं. त्यात असं लिहिलं की आपल्या चालकानं केलेल्या दिशाभुलीबद्दल खेद वाटतो. पत्र पोस्टात टाकायला मीच गेलो. पाकीट उघडं होतं म्हणून कळलं. मला राग यायला पाहिजे होता, पण आधी आभारच मानावेसे वाटले. दुसरं कुणी असतं तर माझं नावही घातलं असतं.

परवा पुन्हा आभाळ आलं. परतीचा पाऊस. आम्ही त्याच रस्त्याला. मी गाडीतच बसलो होतो, काचा वर, आता मला उतरायला लावत नाहीत. नवीन पेरलेल्या ज्वारीत बाईनं बुजगावणं उभं केलंय. त्याच्या अंगात तिच्या नवऱ्याचा फुल शर्ट, डोक्यावर माझा फेटा, खांद्यावर माझं खोरं, पेल्याची बाजू रस्त्याकडं. मागं वीज लवत होती आणि ते जागचं हलत नव्हतं.

तिघं उतरून धावत सुटले. "हे खरं!" प्राध्यापक म्हणत होते. "हे शेतातलंच आहे, कुणी मांडलेलं नाही." शेठनी चादर काढून लेन्स लावली. तासाभरानं भिजून परत आले. डॉक्टरसाहेब पुढच्या सीटवर बसले, कॅमेऱ्यात एकेक फोटो मागं-पुढं करून बघत राहिले, आणि मायेनं मला म्हणाले,

"बघ. शिक याच्याकडून. आठ सेकंद जरासुद्धा थरथरला नाही."

मी गाडी चालू केली. पलीकडच्या बांधावर ती उभी होती, डोक्यावर खोळ, फ्रेमच्या बाहेर. आता ती आपणहून बाहेर थांबली होती. तिनं विळा वर करून मला जायची खूण केली. विजांत लोखंड असं वर धरू नये, हे तिला ओरडून सांगायला मी काच खाली घेतली.